पारखीचा दात

रविवारच्या जेवणात, तिसऱ्या की चौथ्या घासाला, वामनरावांच्या तोंडात काहीतरी कट्‌कन वाजलं आणि त्यांनी घास तसाच हातावर काढला.

"खडा आला का?" सुभद्राबाईंनी विचारलं. विचारता विचारताच त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण शिंपले त्यांनी स्वतः धुतले होते. शनिवारी सकाळी त्यांचा भाऊ चंद्रभान कन्हान नदीकाठच्या खाप्याहून पिशवीभर शिंपले घेऊन आला, तेव्हापासून ते घमेल्यात चांगल्या पाण्यात पडून होते. पोटातली वाळू सोडावी म्हणून तीनदा पाणी बदललं. रविवारी उकळले, जे उघडले नाहीत ते फेकून दिले, उघडले त्यांतला काळा भाग बोटानं पिळून काढला, मीठ चोळून पुन्हा धुतलं, आणि मग कुठं लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट आणि कैरीची फोड टाकून रस्सा केला. इतकं करून नवऱ्याच्या तोंडात खडा यावा हा त्यांना आपल्या माहेराचाच अपमान वाटला.

वामनराव तळहात न्याहाळत होते. त्यावर रश्श्यात माखलेले दोन कण होते, दोन्ही ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यांनी जिभेनं वर चाचपून पाहिलं. समोरचा उजवा दात अर्धाच उरला होता.

"एक दात आहे," ते म्हणाले, "न् एक मोती."

"कोनता कोनता?"

ते धुतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. त्रेचाळीस वर्षं मोत्यांत काढलेल्या माणसाला आपला दात कोणता आणि मोती कोणता हे कळेना. सवयीनं त्यांनी एक कण उचलला आणि वरच्या दाताकडे नेला. हात अर्ध्या वाटेत थांबला. ज्या दाताला लावून पाहायचं तोच हातावर होता.

सुभद्राबाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांनी दोन्ही कण वाटीत धुतले. तुटका कोपरा होता तो दात. दुसरा लांबट, एका बाजूनं चेपलेला, उकळून निस्तेज झालेला मोती. दोन्ही त्यांनी रिकाम्या काडेपेटीत ठेवले आणि नवऱ्याच्या ताटात कण्यांचा मऊ भात वाढला.

हा दात म्हणजे साधा दात नव्हता. इतवारीतल्या ज्या पेढीवर वामनराव मोती ओवायला बसत, तिथं नोकरीच त्या दाताची होती आणि बाकीचे वामनराव त्याच्याबरोबर येत, असं म्हटलं तरी चालेल. पंचविसाव्या वर्षी ते खाप्याहून नागपूरला आले. तोवर नदीवर जाळं टाकायचं आणि उन्हाळ्यात कन्हान आटली की डोहाच्या काठानं पायांनी चाचपत शिंपले काढायचे, एवढंच त्यांना येत होतं. पेढीचे मालक बापूजी यांनी त्यांच्या हातावर दोन मोती ठेवले आणि दाताला लावून बघ म्हणाले. एक घसरला. दुसऱ्यानं बारीक खरखर केली. बापूजी म्हणाले, घसरतो तो काचेचा, खरखरतो तो खरा, तळ्यात पोसलेला असो की नदीत आपोआप झालेला. माणसाला दात देवानं खायला दिले, पारखीला आणखी एका कामासाठी. दोन मोती एकमेकांवर घासूनही अंदाज येतो, पण बोटांना अंदाजच येतो, खात्री दाताला.

तेव्हापासून पेढीवर आलेला प्रत्येक मोती वामनरावांच्या वरच्या उजव्या दातावरून गेला. दलाल पुडी उघडून बसायचे आणि वामनराव डोळे मिटून एकेक मोती दातावरून फिरवायचे. ते सुपारी खात नसत. तंबाखूला त्यांनी हात लावला नाही. लग्नाच्या पंगतीत लाडू कडक दिसला तर तो ते डाव्या दाढेकडे सरकवायचे. बाकीचे दात एकेक करून गेले, खालचे चार तर एकाच वर्षी, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ज्याच्यावर घर चाललं तो शाबूत होता.

मग कोरोना आला. पेढी बंद पडली, बापूजी गेले, आणि पेढी पुन्हा उघडली तेव्हा गादीवर त्यांचा मुलगा हर्षित होता. तोंडाला पट्टी बांधून दाताला मोती लावता येत नाही, ही अडचण जगात बहुधा एकट्या वामनरावांनाच आली असेल. पट्ट्या गेल्यावरही हर्षितनं त्यांना गोड शब्दांत सांगितलं की काका, गिऱ्हाइकासमोर ते तोंडात वगैरे नको, लोकांना आता किळस येते, मागं पडद्याआड बसून करा. वामनराव मागं बसू लागले. मोती बघून झाल्यावर साबणाच्या पाण्यात धुऊन पुढं पाठवू लागले. त्यांनी तक्रार केली नाही, पण त्या दिवसापासून पेढीवर जाताना ते पायरीला हात लावून नमस्कार करायचं कधीकधी विसरायचे.

सोमवारी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. लकडगंजातल्या त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून मिनल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला होता. त्यांनी दात कशानं तुटला ते विचारलं, आणि उत्तर ऐकून हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"शिंपले खातात, काका? आपल्याकडच्या नदीतले?"

"खातात ना. समुद्रातल्यासारखी चव नाही त्याले. चिवट राह्यते, चिखलाचा वासही येते थोडा. पण नदी पाहून खावं लागते. शिंपला दिवसभर नदी गाळून राह्यते. नदीत जे असन ते त्याच्या पोटात. म्हणून साळा खाप्याच्या वरून आणते, शहराच्या खालचे आम्ही हातात घेत नाही."

"आणि मोती खरंच निघतात?"

"हजारात एखादा. तोही वाकडातिकडा. ज्याले मोती पाहिजे त्यानं शिंपले खाऊ नये, न् ज्याले खायचे आहेत त्यानं मोत्याची वाट पाहू नये. उकळला की मोत्याचं पानी जाते."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी फोटो काढला. फोटो काचेवर लावून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की मोत्याचा यात फारसा दोष नाही. दात आतून केव्हाच मेला होता, मुळाभोवतीचं हाडही खंगलं होतं, तो फक्त उभा होता. राहिलेला अर्धा काढून टाकू आणि तिथं नवा बसवू. नवा अगदी या दातासारखाच दिसेल, गुळगुळीत.

"कवा मेला असन?" वामनरावांनी विचारलं.

"चार-पाच वर्षं तरी झाली असतील. तुम्हाला या दातात जाणवणं कमी झालं असेल ना?"

वामनरावांनी उत्तराऐवजी तोंड उघडलं, आणि राहिलेला अर्धा दात तिथंच निघाला; नवा शनिवारी बसणार होता. घरी जाताना ते चुकीच्या गल्लीत शिरले आणि लाकडाच्या वखारीसमोर काही वेळ नुसतेच उभे राहिले.

जाणवणं कमी झालं होतं. हे त्यांना माहीत होतं. कोरोनानंतर पेढी उघडली तेव्हाच मोती दातावरून फिरवताना पूर्वीसारखी खरखर येईना. आधी वाटलं, सवय मोडली. मग वाटलं, हल्लीचे मोतीच तसे. शेवटी त्याबद्दल त्यांनी स्वतःशीही बोलणं सोडलं. मोती दाताला लावायचा, डोळे मिटायचे, आणि वजन, झळाळी, दलालाचा चेहरा यांवरून ठरवायचं. त्रेचाळीस वर्षांचा हात, बहुतेक वेळा बरोबरच ठरायचं. पण पारखीचं काम ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर चालत नाही, आणि हे बापूजींनीच त्यांना शिकवलं होतं. कोणाला सांगितलं असतं तर पेढीवरची जागा गेली असती. म्हणून सांगितलं नाही. मेलेल्या दाताच्या जिवावर त्यांनी चार वर्षं काढली, आणि आता त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

एक पुडी मात्र त्यांच्या मनातून जात नव्हती. तीन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, एक नवा दलाल साठ मोत्यांची पुडी घेऊन आला होता. खूप एकसारखे मोती होते. इतके एकसारखे की जुन्या वामनरावांनी एकेक दहादा फिरवला असता. त्यांनी एकेकदाच फिरवला आणि पुडी पास केली. त्यातले पाच मोती बेसा भागात राहणाऱ्या मधुवंतीबाईंच्या सासूच्या जुन्या नथीत गेले, झिजलेल्यांच्या जागी. आणि तीच नथ गेल्या शुक्रवारी परत आली होती. येत्या रविवारी मधुवंतीबाईंच्या मुलाचं लग्न, सून ती नथ घालणार, तार सैल झाली आहे ती घट्ट करून गुरुवारी द्या, असा निरोप होता. नथ मोती सुटे करून वामनरावांच्या पेटीत ठेवलेली होती.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी हे सगळं सुभद्राबाईंना सांगितलं. त्या ओट्याशी कैऱ्या सोलत होत्या. सोलायला त्यांच्याकडे सुरी होती, पण लोणच्याच्या कैऱ्या त्या शिंपल्यानंच सोलायच्या. कन्हानचा मोठा शिंपला, पाठीवर दगडानं घासून भोक पाडलेला, त्या भोकाची धार कैरीवरून फिरवली की साल पातळ निघते. तो आईनं दिलेला होता आणि त्याच शिंपल्याच्या काठानं त्या दुधाच्या गंजातली, म्हणजे पातेल्यातली, खरवडही काढायच्या.

"मुंबईले पाठवा ना तपासाले," त्या म्हणाल्या.

"आठ दिवस लागतेत. लगन रविवारी आहे."

"मंग दुसऱ्या कोनाचा दात लावा."

"दात सगळ्याइलेच आहेत वं. खरखर कोनाले समजते?"

सुभद्राबाईंनी कैरी खाली ठेवली. त्यांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. पण त्या जे बोलल्या ते गर्वानं नव्हतं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी उन्हाळाभर शिंपले शिजायचे, कारण उन्हाळ्यात दुसरं फारसं काही नसायचं. जेवताना तोंडात कण आला की आई विचारायची, वाळू की मोती. वाळू असली तर थुंकायची आणि आईचं बोलणं खायचं, कारण शिंपले धुवायचं काम पोरींचं. मोती असला तर त्या दिवशी भांडी माफ, आणि मोती बाहुलीच्या नाकात. त्यामुळे चार बहिणींना दातानं ओळखायची घाई असायची, आणि खोटं बोललं की आई स्वतःच्या दाताला लावून बघायची.

"वाळू कचकन करते," त्या म्हणाल्या. "मोती तसा करत नाही. तो नुसता खरखरते न् सरकते. मोती मले तुमच्या आधीपासून कळते. तुम्ही कवा इचारलंच नाही."

हे खरं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात वामनरावांनी हे कधी विचारलं नव्हतं. मोती हा पेढीवरचा विषय आणि शिंपले हा घरातला, अशी त्यांनी मनात भिंत घातली होती. पेढीवर तर त्यांनी शिंपल्यांचं नावही कधी काढलं नाही. डब्यात काय आहे असं कोणी विचारलं तर ते वांग्याची भाजी सांगायचे. बायकोला पेढी दाखवायचीही वेळ आली नव्हती. म्हणजे वेळ पुष्कळ आली होती, त्यांनी आणली नव्हती.

पेढीवरचा माल घरी आणायचा नाही हा बापूजींचा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. आताही मोडणार नव्हते. म्हणून गुरुवारी बारा वाजता सुभद्राबाई डबा घेऊन पेढीवर आल्या. नेसून आलेलं लुगडं लग्नाकार्याचं होतं, आणि डबा द्यायला आलेल्या बाईच्या मानानं ते जरा जास्तच होतं, हे हर्षितच्याही लक्षात आलं. त्यानं काकू, या, बसा असं म्हणून पाणी मागवलं. त्या पाणी घेऊन पडद्याआड गेल्या.

वामनरावांनी मखमलीच्या तुकड्यावर त्या पुडीतले पाच मोती ओळीनं ठेवले. सुभद्राबाईंनी चूळ भरली, पदरानं ओठ पुसले, आणि पहिला मोती उचलला. डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीवर बापूजींचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे बघत त्यांनी मोती दातावरून हळू सरकवला.

"हा आहे."

दुसरा होता. तिसराही होता. चौथ्याला त्या थांबल्या. मोती उलटा करून पुन्हा फिरवला.

"हा नाही."

पाचवा होता. वामनरावांनी पाचही मोती मुठीत घेऊन हलवले आणि पुन्हा मांडले. सुभद्राबाईंनी पुन्हा त्यांतला एक बाजूला काढला. तिसऱ्यांदा वामनरावांनी बायकोला पाठ फिरवायला सांगून मांडले. तिसऱ्यांदाही एकच बाजूला आला. वामनरावांनी त्या मोत्याच्या भोकाच्या कडेला एक बारीक खूण पाहून ठेवली होती. तिन्ही वेळा तोच होता.

त्यांना आधी जे वाटलं ते खरं सांगायचं तर सुटल्यासारखं होतं. पाचातला एकच. पेटीत दोन चांगले मोती होते, त्यांतला एक बसवायचा, तार आवळायची, नथ द्यायची. मधुवंतीबाईंचं नुकसान काहीच नाही, उलट फायदा. कोणाला कळणार नाही, आणि शनिवारी नवा दात बसेल, तोही कोणाला कळणार नाही.

सुभद्राबाई अजून त्या एका मोत्याकडे बघत होत्या.

"हा एकटाच आला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. साठ होते."

डब्याचं झाकण उघडून सुभद्राबाईंनी पोळी काढली आणि परत ठेवली. पडद्यापलीकडे मधुवंतीबाईंचा आवाज आला. त्या सांगितलेल्या वेळेच्या आधीच आल्या होत्या, सोबत त्यांची धाकटी मुलगी मयुरा होती, बाहेर गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून घाईत होत्या. साठातले पाच इथं होते. उरलेले पंचावन्न कोणाच्या गळ्यात, कोणाच्या कानात, कोणाच्या देव्हाऱ्यात होते, आणि प्रत्येकावर वामनरावांचा शब्द होता.

त्यांनी मखमलीचा तुकडा जसाच्या तसा उचलला आणि पडदा सारून पुढं गेले. हर्षितकडे न बघता ते मधुवंतीबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या नथीत नवे बसवले त्या पाचातले चार मोती खरे आहेत. पाचवा खोटा आहे. तीन वर्षं आधी मीच बसवला. चूक पेढीची नाही, माझी आहे. माझा दात मेला होता न् मी सांगतलं नाही."

मयुरानं आईकडे पाहिलं. हर्षितच्या तोंडावरचं गिऱ्हाइकासाठीचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे त्यात सामील नव्हते. मधुवंतीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो मोती बोटात धरून उजेडाकडे नेला आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाई म्हणायच्या, वामनराव हो म्हणाले की नथ डोळे मिटून घ्यायची."

"हो," वामनराव म्हणाले.

"मग आता कोणी हो म्हणायचं?"

याला वामनरावांकडे उत्तर होतं, पण ते पडद्याआड उभं होतं. त्यांनी मागं वळून बघितलं. सुभद्राबाई पडद्याच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं.

हर्षितनं मध्ये पडून सांगून पाहिलं की नवा मोती भिंगाखाली दाखवतो, लिहून देतो. मधुवंतीबाई म्हणाल्या की लिहून तेव्हाही दिलं होतं. खोटा कसा कळला ते त्यांनी विचारलं, आणि कळल्यावर म्हणाल्या की मग या बाईंनीच माझ्यासमोर सगळे मोती पुन्हा बघावेत, जुने, नवे, सगळे. नंतर धुऊन घेता येतील.

म्हणून सुभद्राबाई पेढीच्या गादीवर बसल्या. जिथं बापूजींच्या काळात वामनराव बसायचे, बरोबर त्या जागी, दारातून येणाऱ्या उजेडात. खोटा बाजूला काढून नथीतले दहा मोती उरले होते. हर्षितनं आत जाऊन नवे तीन आणले. सुभद्राबाईंनी एकेक मोती दातावरून नेला आणि प्रत्येक वेळी फक्त आहे एवढंच म्हणाल्या. नव्या तीनांतला एक त्यांनी दोनदा लावून पाहिला, मग तोही आहे म्हणाल्या. समोरच्या दुकानातला कापडवाला दारात येऊन उभा राहिला. वामनराव बाजूच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना बायकोचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी ती आपल्या जागेवर बसली आहे हे बघवतही नव्हतं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं म्हणून ते खाली फरशीकडे बघत राहिले.

नथ वामनरावांनी मग तिथंच बांधली. मधुवंतीबाईंनी नथ पर्समध्ये टाकली, सुभद्राबाईंना लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि जाताना वामनरावांना नेहमी येते हो म्हणायच्या, ते या वेळी म्हणाल्या नाहीत.

गिऱ्हाईक गेल्यावर हर्षित बराच वेळ फोनवरची जुनी बिलं चाळत बसला. त्या पुडीतले मोती कोणाकोणाला गेले ते शोधायला दोन दिवस लागतील, मग एकेकाला फोन. शेवटी तो म्हणाला, "काका, मला आधी सांगायचं ना."

"दुखला असता तर सांगतलं असतं. दुखतच नव्हता गा."

वामनरावांनीच पुढं सांगितलं की उद्यापासून ते ओवायचं काम करतील, नथी बांधतील, जमेल तोवर. मोती पास करायला मात्र त्यांच्याकडे देऊ नये. हर्षितनं मान हलवली. मग जरा चाचरत सुभद्राबाईंना विचारलं, काकू, दलाल येतात त्या दिवशी, महिन्यातून दोनदा, तुम्ही आलात तर?

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "आज आली ते यांच्या शब्दासाठी आली," त्या म्हणाल्या. "रोजच्यासाठी तुम्ही मशीन आना."

दोघं पायीच घरी आले. वाटेत वामनरावांनी तिला सरबत पाजलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की बाजारात आपण दोघं शेवटचं कधी उभे राहिलो ते आठवत नाही. घरी आल्यावर सुभद्राबाईंनी लग्नाकार्याचं लुगडं घडी करून ठेवलं आणि दुधाचं गंज घेऊन ओट्याशी बसल्या. शिंपल्यानं खरवड काढण्याचा आवाज घरभर येऊ लागला. वामनराव थोडा वेळ खाटेवर बसले, मग उठून काडेपेटी घेऊन आले.

"हे लावून पाहा," त्यांनी चेपलेला मोती तिच्यापुढं धरला.

"हा तर खराच आहे. शिंपल्यातून आपल्या डोळ्यांपुढं निघाला."

"ते मले माहीत आहे. कसा लागते ते सांग."

असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी हात पदराला पुसला, मोती दातावर ठेवला आणि हळू सरकवला. मग पुन्हा एकदा.

"नदीतून निघून आपन काठावर बसतो ना," त्या म्हणाल्या. "पाय वाळतेत. तवा पायाले बारीक वाळू राह्यते. झटकली तरी जात नाही. तसा."

वामनरावांची जीभ वरच्या रिकाम्या जागेत गेली. तिथं हिरडी मऊ होती. त्यांनी डोळे मिटले.

"अजून एक डाव लाव," ते म्हणाले.